ऋण आणि इच्छा : ‘शॅल’ व ‘विल’ या दोन शब्दांचा इतिहास

महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी इंग्रजी व्याकरणाचे एक कोष्टक पाठ केले आहे. साधा भविष्यकाळ दाखवावयाचा असेल, तर प्रथमपुरुषी ‘शॅल’ आणि द्वितीय व तृतीयपुरुषी ‘विल’. निश्चय, वचन, आज्ञा वा धमकी दाखवावयाची असेल, तर नेमके याच्या उलट. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काही वर्षे काम केलेले पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांच्या सुप्रसिद्ध व्याकरणाने हे कोष्टक घरोघर पोहोचवले, आणि परीक्षेतील रिकाम्या जागा भरताना ते विद्यार्थ्यांच्या उपयोगीही पडले. परंतु एकाच भाषेतील दोन साहाय्यकारी क्रियापदे पुरुष बदलताच आपापसांत अर्थाची अदलाबदल का करतात, हा प्रश्न वर्गात क्वचितच उपस्थित झाला.

त्या कोष्टकाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आधुनिक इंग्रजीने तो निवाडा केव्हाच करून टाकला आहे. बोलण्यातून ‘शॅल’ जवळजवळ हद्दपार झाला आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. ‘शॅल’ आणि ‘विल’ हे भविष्यकाळाचे नुसते दोन प्रत्यय नव्हेत. एकाच्या पोटात ऋण आहे, दुसऱ्याच्या पोटात इच्छा. व्याकरणकारांनी त्यांना पुरुषांच्या कोष्टकात बसवले, तेव्हा हे दोन्ही मूळ अर्थ झाकले गेले, पण नष्ट झाले नाहीत. नाटकात, राजकीय वक्तृत्वात, आणि सर्वांत अधिक कायद्याच्या भाषेत, ते आजही जागे आहेत. ते ज्याच्या कानाला ऐकू येत नाहीत, त्याचे बरेचसे इंग्रजी वाचन अर्धे राहते.

दोन क्रियापदांचे कूळ

‘शॅल’चे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘शुलान’ या क्रियापदात आहे. त्याचा एक जुना अर्थ ‘देणे लागणे’ असा सरळ व्यवहारी आहे. लूककृत शुभवर्तमानात एका कारभाऱ्याचा दृष्टान्त येतो. नोकरी जाणार असे दिसताच तो मालकाच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो आणि कोण किती देणे लागतो ते विचारतो. या शुभवर्तमानाच्या प्राचीन इंग्रजी भाषांतरात ‘देणे लागतोस’ या अर्थी जे क्रियापद आले आहे, ते म्हणजे आजच्या ‘शॅल’चेच पूर्वरूप. तेथे भविष्यकाळाचा काहीएक संबंध नाही. तेल किती, गहू किती, एवढाच तो हिशेब आहे. देवाशी वा स्वामीशी आपण ज्या निष्ठेचे देणे लागतो तिची शपथ घेताना हेच क्रियापद वापरण्याचा प्रघात पुढे मध्ययुगीन इंग्रजीतही आढळतो. जर्मन भाषेतील ‘झोलेन’ हे कर्तव्यवाचक क्रियापद ‘शॅल’चे सख्खे भावंड, आणि त्याच कुळातील ‘शुल्ड’ या जर्मन नामाचे अर्थ दोन : कर्ज आणि अपराध. देणे फिटले नाही की दोष लागतो, ही समजूत त्या कुळात किती खोल रुजली आहे, हे या एका नामावरून कळते.

‘विल’चे कूळ निराळे. प्राचीन इंग्रजीतील ‘विल्लान’ म्हणजे इच्छिणे. लॅटिन ‘वेल्ले’ आणि जर्मन ‘वोलेन’ ही त्याची भावंडे. आणि मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे असे नाते म्हणजे संस्कृतातील ‘वृ’ हा निवडणे या अर्थाचा धातू. ‘वर’, ‘वरणे’, ‘स्वयंवर’ हे आपले शब्द ज्या मुळापासून निघाले, त्याच आद्य मुळापर्यंत इंग्रजी ‘विल’ जाऊन पोहोचतो. स्वयंवरातील वधू माळ घालते, ती स्वेच्छेने. ‘विल’च्या केंद्रस्थानी हीच स्वेच्छा आहे. नाम म्हणून ‘विल’ म्हणजे इच्छाशक्ती, आणि मृत्यूनंतर आपल्या संपत्तीचे काय व्हावे याविषयी लिहून ठेवलेला दस्तऐवज म्हणजेही ‘विल’. मराठीने त्याला ‘इच्छापत्र’ असा प्रतिशब्द दिला, तेव्हा तिने नकळत त्या शब्दाच्या मुळाशीच हात घातला.

व्याकरणदृष्ट्या आज हे दोघे एकाच पंक्तीत बसतात. दोघांनाही तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स्’ लागत नाही, दोघांच्या मागून येणारे क्रियापद ‘टू’वाचून मूळ रूपात येते, दोघांनाही धातुसाधिते नाहीत. पण या समान गणवेशाआड एक फरक आहे. ‘विल’ला साहाय्यकाच्या नोकरीबाहेरही जीवन आहे : तो नाम आहे, आणि इच्छाशक्तीने एखादी गोष्ट घडवून आणणे या अर्थी स्वतंत्र क्रियापदही आहे. ‘शॅल’ला असे दुसरे घर उरले नाही. त्याचे जुने भूतकाळी रूप ‘शुड’ आता बहुधा भूतकाळ दाखवीतच नाही. ते औचित्य दाखवते. कर्ज सक्तीचे होते, ते सौम्य होऊन ‘बरे होईल’ या पातळीवर आले. ‘शॅल’ आणि ‘शुड’ यांतील हे अंतर पुढे एका मोठ्या प्रसंगी किती मोलाचे ठरले, ते यथास्थळी येईलच.

उसना भविष्यकाळ

प्राचीन इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ नव्हता. वर्तमानकाळाचेच रूप भविष्यासाठी चालत असे. संदर्भावरून काय ते कळे. पुढे भाषेला भविष्य वेगळे दाखवण्याची गरज भासू लागली, तेव्हा तिने दोन सावकारांकडून उसनवारी केली. जे मी करणे लागतो ते बहुधा घडेल, म्हणून ऋणवाचक शब्द भविष्यवाचक झाला. जे मी इच्छितो तेही बहुधा घडेल, म्हणून इच्छावाचक शब्दही भविष्यवाचक झाला.

हे केवळ इंग्रजीचे वैशिष्ट्य नाही. बोलीभाषेतील लॅटिनने ‘मला गाणे आहे’ या धर्तीची, म्हणजे जवळ असणे आणि करणे प्राप्त असणे यांच्या सीमेवरची, एक रचना केली; फ्रेंच आणि इटालियन भाषांचे भविष्यकाळाचे प्रत्यय त्या रचनेतून आले. आधुनिक ग्रीकमधील भविष्यवाचक अव्यय ‘इच्छिणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा झिजलेला अवशेष आहे. एका भाषेने कर्तव्याचा मार्ग धरला, दुसरीने इच्छेचा. इंग्रजीने दोन्ही धरले, आणि पुढील सारा गोंधळ यातूनच उद्भवला.

मराठीत भविष्यकाळाला स्वतःचे प्रत्यय आहेत, त्यामुळे ही अडचण आपल्याला जाणवत नाही. पण ऋण, इच्छा आणि कर्तव्य यांची शेजारवस्ती आपल्याही भाषेत आहे. ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’ आणि ‘मला जावे लागते’ या दोन वाक्यांतील ‘लागणे’ पाहा. ‘मला पाणी पाहिजे’ आणि ‘मला गेले पाहिजे’ ही जोडीही तशीच : पहिल्यात इच्छा, दुसऱ्यात कर्तव्य, आणि शब्द मात्र एकच. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांचे मर्म मराठी विद्यार्थ्याला समजावून द्यावयाचे असेल, तर ‘ईन, शील, ईल’ या भविष्यकाळी प्रत्ययांपेक्षा ‘लागणे’ आणि ‘पाहिजे’ हीच अधिक जवळची उदाहरणे ठरतील.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विक्लिफच्या अनुयायांनी बायबलचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा या दोन शब्दांच्या कामाची वाटणी पुरुषांवर आधारलेली नव्हती. लॅटिन मूळात भविष्यकाळ असेल तेथे सामान्यतः ‘शॅल’, आणि इच्छावाचक क्रियापद असेल तेथे ‘विल’, अशी ती सरळ अर्थावर आधारलेली होती. विद्वानांच्या आणि धर्मग्रंथांच्या इंग्रजीत ‘शॅल’ रुळला, तो बराचसा या भाषांतरांच्या परंपरेमुळे. दहा आज्ञांच्या इंग्रजी रूपातील ‘दाउ शॅल्ट नॉट’ ही रचना याच परंपरेतील. तीत भविष्य आणि आज्ञा वेगळी काढता येत नाहीत. मराठी बायबलने त्याच जागी ‘नको’चा आज्ञार्थ वापरला, त्यामुळे आज्ञा स्पष्ट झाली, पण ‘तुझ्याकडून हे घडणार नाही’ हा इंग्रजी रचनेतील दुसरा, अधिक गंभीर स्वर मागे राहिला.

गणितज्ञाचे कोष्टक

आपल्या पाठ्यपुस्तकातील कोष्टक प्रथम व्यवस्थित मांडले ते जॉन वॉलिस यांनी. हे ऑक्सफर्ड येथे भूमितीचे प्राध्यापक होते. अनंताचे आज सर्वत्र प्रचलित असलेले चिन्ह गणितात रूढ करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्यांचे इंग्रजी भाषेचे व्याकरण १६५३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते लॅटिनमध्ये होते. इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये का, तर ते प्रामुख्याने इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परकीयांसाठी लिहिलेले होते म्हणून. परकीयांना या दोन शब्दांतील भेद कळणे कठीण जाते, असे सांगूनच वॉलिस नियम देतात : प्रथमपुरुषी ‘शॅल’ केवळ भाकीत करतो आणि ‘विल’ वचन देतो वा धमकावतो, द्वितीय व तृतीयपुरुषी ‘शॅल’ वचन देतो वा धमकावतो आणि ‘विल’ केवळ भाकीत करतो. त्यांच्या आधी, १६२२ मध्ये, जॉर्ज मेसन यांनी इंग्रजीचे जे व्याकरण लिहिले त्यात या भेदाची चाहूल लागते. आणि तेही फ्रेंच भाषेत, फ्रेंच वाचकांसाठीच होते.

या कोष्टकाला काहीच आधार नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यामागे एक तर्क आहे, आणि तो ऋण व इच्छा यांच्यामधूनच जातो. ‘मी’ बोलतो तेव्हा माझी इच्छा मला ठाऊक असते. म्हणून ‘मी’ला ‘विल’ जोडला की तो निश्चय ऐकू येतो. ‘तो’ काय इच्छितो, हे मला बाहेरूनच कळते. म्हणून ‘तो’ला ‘विल’ जोडला की ती इच्छा फिकी पडून नुसते भाकीत उरते. उलट ‘तो’ला ‘शॅल’ जोडला की प्रश्न उभा राहतो : हे देणे त्याच्यावर कोणी लादले? उत्तर एकच असते : बोलणाऱ्याने. म्हणून तृतीयपुरुषी ‘शॅल’मध्ये बोलणाऱ्याचा हुकूम ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकातील काही अभ्यासकांनी याला शिष्टाचाराचेही कारण दिले : स्वतःविषयी बोलताना माणूस नम्रतेने बांधिलकीचा शब्द घेतो आणि समोरच्याला सौजन्याने इच्छेचा शब्द देतो. हे स्पष्टीकरण पूर्णतः पटो वा न पटो, त्यातील एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. कोष्टकाच्या मुळाशी काळ नाही. ‘येथे कोणाची इच्छा चालते’ हा प्रश्न आहे.

प्रश्नार्थक वाक्यात हे आणखी स्वच्छ दिसते. ‘शॅल आय ओपन द डोअर?’ याचे मराठी ‘मी दार उघडीन का?’ असे कोणी करणार नाही. ‘दार उघडू का?’ हेच त्याचे मराठी. येथे भविष्याची चौकशी नाही. समोरच्याच्या इच्छेची चौकशी आहे. ‘विल यू ओपन द डोअर?’ मध्ये ‘तुझी तयारी आहे का’ असे विचारले आहे. म्हणजे प्रश्नात ‘शॅल’ कर्त्याला दुसऱ्याच्या इच्छेखाली ठेवतो आणि ‘विल’ कर्त्याला स्वतःच्या इच्छेचा धनी मानतो. दैनंदिन इंग्रजीत ‘शॅल’ जेथे अजून टिकून आहे त्यांपैकी ही एक जागा, हा योगायोग नव्हे. तेथे त्याचे काम दुसऱ्या शब्दाला तितक्या सहजपणे करता येत नाही.

कोष्टकाबाहेरची माणसे

वॉलिस यांचा परकीयांसाठी लिहिलेला नियम पुढे खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाच शिकवला जाऊ लागला. १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सन यांनी ‘शॅल’ची व्याख्या करणे सोपे नाही असे सांगताना, या शब्दाची ‘विल’शी गल्लत करणाऱ्यांत परकीयांच्या जोडीला प्रांतांतील लोकांनाही बसवले. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांच्या व्याकरणाने आणि १७९५ मध्ये लिंडली मरे यांच्या व्याकरणाने तो नियम शाळाशाळांत नेला. मरे यांच्या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, आणि जे एका गणितज्ञाने परकीयांच्या सोयीसाठी मांडले होते ते सुशिक्षितपणाची खूण होऊन बसले.

खूण म्हटली की ती कोणाच्या अंगावर नाही याकडे लक्ष जाणारच. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथे ‘शॅल’चा वापर पूर्वीपासून विरळ, तेथे प्रथमपुरुषीही ‘विल’च चालत असे. यावरून एक विनोद एकोणिसाव्या शतकातील व्याकरणांत पुनःपुन्हा सांगितला गेला. पाण्यात पडलेला एक मनुष्य ओरडतो : ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ बिचाऱ्याला म्हणावयाचे आहे, ‘मी बुडणार, मला कोणी वाचवणार नाही.’ पण काठावरचे व्याकरणनिष्ठ इंग्रज ऐकतात ते असे : ‘मी बुडणारच, खबरदार कोणी मला वाचवाल तर!’ आणि त्याच्या इच्छेचा मान राखून त्याला बुडू देतात. हा मनुष्य कधी आयरिश असतो, कधी स्कॉटिश, कधी फ्रेंच. लंडनचा मात्र कधीच नसतो. विनोद म्हणून तो बरा आहे. पण काठावर उभे राहून व्याकरण तपासणारे आणि पाण्यात हातपाय मारणारे यांच्यातील अंतर भाषेच्या इतिहासात नेहमीच विनोदापुरते राहिले नाही.

१८५६ मध्ये सर एडमंड हेड यांनी केवळ या दोन शब्दांवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्या वेळी कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. साम्राज्याचा एक मोठा अधिकारी दोन साहाय्यकारी क्रियापदांवर ग्रंथ लिहितो, यावरून त्या काळी या भेदाला किती प्रतिष्ठा होती ते दिसते. पुढे १९०६ मध्ये फाउलर बंधूंनी आपल्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथातील वीसेक पाने याच विषयावर खर्च केली. आणि आरंभीच सांगून टाकले की हा वापर दक्षिण इंग्लंडच्या लोकांना उपजत येतो, इतरांना तो शिकून येणे जवळजवळ अशक्य. ज्यांना उपजत येते त्यांना पुस्तकाची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांना ते शिकता येणार नाही! एखादा नियम जन्मावर अवलंबून असल्याची याहून स्पष्ट कबुली शोधूनही सापडणार नाही. भारतातील विद्यार्थी तोच नियम पाठ करीत होता, तेव्हा ज्या दारावर त्याचे नाव कधी लिहिले जाणार नव्हते, त्याची किल्ली तो घासत बसला होता.

१९२५ मध्ये अमेरिकन भाषाभ्यासक चार्ल्स फ्राइज यांनी या सगळ्याकडे निराळ्या बाजूने पाहिले. नियम काय म्हणतो यापेक्षा माणसे काय म्हणतात, हे पाहावे म्हणून त्यांनी सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या नाटकांतील संवाद तपासले. प्रथमपुरुषासोबतही ‘विल’चाच भरणा अधिक निघाला. व्याकरणकारांनी वर्णिलेली शिस्तबद्ध वाटणी प्रत्यक्ष संवादांत त्यांना आढळली नाही. शिवाय बोलण्यात दोन्ही शब्दांच्या जागी येणारे ‘ल्’ हे आखूड रूप असतेच. तेथे कोणता शब्द लपला आहे, हा वाद कानापुरता तरी निरर्थक ठरतो.

कोरिओलेनसचा संताप

मग ‘शॅल’मधील ऋणाचा अर्थ हे व्याकरणकारांचे स्वप्नच होते काय? नाही. कोष्टक कृत्रिम होते, अर्थ कृत्रिम नव्हता. वॉलिस यांच्या व्याकरणापूर्वी सुमारे पंचेचाळीस वर्षे लिहिल्या गेलेल्या एका नाटकातच याचा पुरावा आहे.

शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मधील तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश घ्या. उमराव घराण्यातील गर्विष्ठ सेनापती कोरिओलेनस सामान्य रोमन प्रजेविषयी तुच्छतेने बोलत आहे. प्रजेने निवडलेला प्रतिनिधी सिसिनियस त्याला अडवतो आणि सांगतो की या मनातील विष आहे तेथेच राहील, पुढे पसरणार नाही. हे सांगताना तो ‘शॅल’ वापरतो. झाले! कोरिओलेनस त्या एका शब्दावर झडप घालतो. पुढच्या भाषणात तो शब्द तो पुनःपुन्हा उच्चारतो, चिमुकल्या माशांमध्ये समुद्रदेवाचा आव आणणारा म्हणून सिसिनियसची हेटाळणी करतो, आणि उमरावांना विचारतो की याच्या तोंडचा हा निरंकुश शब्द तुम्ही ऐकून कसा घेता.

विद्यार्थ्याच्या हाती केवळ कोष्टक असेल, तर हा संताप त्याला अनाकलनीय वाटेल. भविष्यकाळाच्या एका साहाय्यकारी क्रियापदावरून एवढा आकांत कशासाठी? पण ‘शॅल’ म्हणजे दुसऱ्यावर देणे लादणारा शब्द, हे एकदा कानी पडले की सारा प्रवेश उजळतो. सिसिनियसने केवळ भाकीत केलेले नाही, हुकूम सोडला आहे. आणि हुकूम सोडण्याचा अधिकार रोममध्ये कोणाचा, उमरावांचा की प्रजेचा, हाच तर या नाटकाचा विषय आहे. शेक्सपिअरने राज्यसत्तेचा तो सारा झगडा एका साहाय्यकारी क्रियापदाच्या टोकावर उभा केला. मराठी भाषांतरकाराची येथे कसोटी लागते. नुसत्या ‘राहील’ने हा प्रवेश उभा राहणार नाही, ‘राहिलेच पाहिजे’ म्हटले तर भविष्याची छटा जाते. कोरिओलेनसला डिवचणारा शब्द मराठीत असा असावा लागेल की जो खालच्याने वरच्याला उच्चारताच सभेत शांतता पसरेल.

विसाव्या शतकातील एक उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. ४ जून १९४० रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत जे भाषण केले, त्यातील लढण्याविषयीची वाक्ये ‘वुई शॅल’ने सुरू होतात. कोष्टकाप्रमाणे प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे निव्वळ भाकीत; निश्चयासाठी ‘विल’ हवा होता. पण त्या वाक्यांत कोणालाही हवामानाचा अंदाज ऐकू आला नाही. ‘विल’ने ती आमची इच्छा झाली असती, आणि इच्छा उद्या बदलू शकते. ‘शॅल’ने ते आमचे प्राप्त कर्तव्य झाले. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीचे सुप्रसिद्ध गीतही आधी ‘वुई विल ओव्हरकम’ या शीर्षकाने १९४८ मध्ये छापले गेले होते. पुढे गाता गाता ‘विल’चा ‘शॅल’ झाला आणि तोच जगभर गेला. हा बदल उच्चाराच्या सोयीसाठी झाला असेल; पण त्यामुळे गीतातील इच्छेला विधिलिखिताचे वजन आले, हेही तितकेच खरे.

कायद्यातील ऋण

बोलण्यातून मावळलेला ‘शॅल’ कायद्यात मात्र ठाण मांडून बसला. भारताच्या संविधानाचा इंग्रजी पाठ उघडा. जवळजवळ प्रत्येक पानावर तो भेटतो. राज्याने काय करावे, काय करू नये, कोणते पद असेल, कोणाला कोणता अधिकार असेल, हे सारे ‘शॅल’ सांगतो. येथे प्रश्न परीक्षेतील गुणांचा उरत नाही. नागरिकाच्या हक्कांचा होतो.

अनुच्छेद ७४ चा इतिहास पाहा. १९५० च्या मूळ पाठाप्रमाणे राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद असणे ‘शॅल’ने बंधनकारक केले होते. पण तो सल्ला राष्ट्रपतींनी मानलाच पाहिजे, असे तेथे लिहिलेले नव्हते. नोव्हेंबर १९६० मध्ये खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी एका जाहीर भाषणात राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असे सुचवले, तेव्हा या मौनाची चर्चा झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींच्या बाजूलाही एक ‘शॅल’ जोडला, आणि सल्ल्यानुसार वागणे बंधनकारक झाले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यात आणखी एक पाकळी घातली : राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करावयास सांगू शकतात, येथे ‘मे’, पण फेरविचारानंतर दिलेल्या सल्ल्यानुसार वागणे प्राप्त, येथे पुन्हा ‘शॅल’. देशातील सर्वोच्च पदाच्या मर्यादा दोन साहाय्यकारी क्रियापदांनी आखल्या आहेत.

परंतु कायद्यातील प्रत्येक ‘शॅल’ सारख्याच वजनाचा नसतो. सरकारी नोकरांवरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा विचार घ्यावा, असे अनुच्छेद ३२० ‘शॅल’ वापरूनच सांगतो. मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा ‘शॅल’ निदेशात्मक आहे. आयोगाचा विचार घेतला नाही एवढ्यावरून सरकारची कारवाई रद्द होत नाही. अनुच्छेद ३७ मध्ये तर एकाच वाक्यात दोन ‘शॅल’ आहेत. एक सांगतो की मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत. दुसरा सांगतो की कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य असेल. म्हणजे देणे आहे, पण धनकोला वसुलीसाठी न्यायालयात जाता येत नाही. ‘शॅल’चा जुना ऋणाचा अर्थ ध्यानी घेतला, तर या अनुच्छेदातील ताण किती नेमका कळतो!

या संदिग्धतेला कंटाळून अनेक देशांत ‘शॅल’ काढून ‘मस्ट’ घालण्याची चळवळ झाली. दक्षिण आफ्रिकेची १९९३ ची अंतरिम राज्यघटना ‘शॅल’ची होती, १९९६ ची अंतिम राज्यघटना ‘मस्ट’ची झाली. अमेरिकेतील संघीय न्यायालयांच्या दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ मध्ये नव्या भाषेत मांडले गेले, तेव्हा त्यांतून ‘शॅल’ वगळण्यात आला. या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे : ज्या शब्दाचा अर्थ सामान्य नागरिकाच्या बोलण्यात उरला नाही, त्या शब्दाने त्याला बांधू नये.

तरीही हा शब्द मेलेला नाही, याचा प्रत्यय १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये आला. हवामानबदलावरील कराराचा अंतिम मसुदा प्रतिनिधींच्या हाती पडला, तेव्हा विकसित देशांनी उत्सर्जन घटवण्यात पुढाकार घेत राहण्याविषयीच्या चौथ्या अनुच्छेदातील कलमात ‘शॅल’ होता. अमेरिकेच्या प्रतिनिधींनी त्याला हरकत घेतली. ‘शॅल’ राहिला तर ते कायदेशीर बंधन झाले असते, आणि तसा करार तेथील सिनेटपुढे न्यावा लागण्याची व तेथे तो अडण्याची भीती होती. सभा खोळंबली. अखेर काही किरकोळ दुरुस्त्यांच्या यादीत ‘शॅल’च्या जागी ‘शुड’ वाचून दाखवण्यात आला, आणि करार संमत झाला. ऋण आणि औचित्य यांतील जे अंतर आम्ही वर सांगितले, ते असे एका संध्याकाळी साऱ्या जगाच्या भवितव्याशी येऊन भिडले.

वर्गात काय शिकवावे

तेव्हा कोष्टकाचे काय करावे? आमच्या मते ते नियम म्हणून शिकवू नये. इतिहास म्हणून अवश्य शिकवावे. आजचे इंग्रजी बोलताना वा लिहिताना प्रथमपुरुषी ‘विल’ वापरणारा विद्यार्थी काहीही चुकत नाही, हे त्याला निःशंकपणे सांगावे. पण जुने नाटक, एखादे भाषण वा कायद्याचे कलम वाचताना ‘शॅल’ समोर आला, की त्याला थांबावयास शिकवावे आणि एक प्रश्न विचारावयास लावावे : येथे देणे कोणाचे, आणि ते वसूल कोण करणार? ‘विल’ आला तर दुसरा प्रश्न : ही इच्छा कोणाची? पुरुषांच्या कोष्टकाने जे मिळत नाही, ते या दोन प्रश्नांनी बहुतेक वेळा मिळते.

मराठीच्या अध्यापकांसाठीही यात एक काम आहे. आपल्या संविधानाच्या आणि कायद्यांच्या मराठी अनुवादात ‘शॅल’च्या जागी बहुधा ‘असेल’, ‘राहील’, ‘करील’ ही साधी भविष्यकाळी रूपे येतात. कायद्याची भाषा म्हणून ती आता रूढ आहेत, आणि त्यांत वावगे काही नाही. मात्र ‘राज्य अमुक करील’ हे वाक्य वाचणाऱ्या सामान्य मराठी माणसाला ते आश्वासनासारखे ऐकू येते, आणि आश्वासनांची त्याला सवय आहे. ते आश्वासन नाही, राज्य त्याचे ते देणे लागते, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ते सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार?